गाडीचं अ‍ॅव्हरेज आणि माझा डावा पाय

सातारा,
सोमवार, दुपार

तीर्थस्वरूप दादास,

तुझ्या धाकट्या बहिणीचा, म्हणजे अनसूयेचा, नमस्कार. (राग अजून उतरलेला नाही, त्यामुळे नमस्कार उभ्या उभ्याच केलाय असं समज.) तुझी साखर काय म्हणते? संयोगितावहिनींचा गुडघा जिना चढू देतो का? गच्चीवरच्या टोमॅटोंना अळी लागली होती, ती गेली की टोमॅटो गेले? उत्तरं सावकाश कळव. घाई नाही, कारण हे पत्र तुमची खुशाली विचारायला लिहिलेलंच नाही. फोन करता आला असता. पण फोनवर तू मला तिसऱ्या वाक्याला तोडतोस, आणि कागदाला मध्येच "बरं बरं, ठेवतो आता" म्हणता येत नाही. तेव्हा चष्मा लाव, बैस, आणि शेवटपर्यंत वाच.

गेल्या आठवड्यात आमच्या विश्वजीतने पुण्याहून तुला फोन करून माझ्या गाडीचं गाऱ्हाणं सांगितलं, आणि तू सांगलीत बसल्या बसल्या निकाल देऊन टाकलास, की बायकांच्या हातात गाडी गेली की अ‍ॅव्हरेज पडायचंच. पोराने ते वाक्य मला जसंच्या तसं ऐकवलं, वर "मामाच म्हणाला" असा शिक्काही मारला. दादा, बत्तीस वर्षं मी शाळेत पी.टी. शिकवली. माझ्या शिट्टीला हेडमास्तर दचकायचे. अठ्ठावन्नाव्या वर्षी गाडी शिकले, पहिल्या परीक्षेत पास झाले, आणि तीन वर्षांत एक कुत्रं, एक कुंपण किंवा एक माणूस माझ्या गाडीला लागलेलं नाही. (कुंपण एकदा लागलं, पण ते रस्त्यात आलेलं होतं, हे ग्रामपंचायतीनेही मान्य केलं.)

गाडी मी हौसेसाठी फिरवत नाही, हे तुला माहीत आहे, पण तू विसरतोस म्हणून लिहिते. मंगळवारी आणि शुक्रवारी मी कोरेगावच्या पुढे पाच किलोमीटरवर एका खेड्यातल्या शाळेत मुलींना खो-खो शिकवायला जाते. तिथे एसटी सकाळी एक आणि संध्याकाळी एक. संध्याकाळची आली तर आली. गाडी गेली की माझं जाणं गेलं, आणि माझं जाणं गेलं की त्या मुली पुन्हा मैदानाच्या कडेला बसून मुलांचं क्रिकेट बघणार. म्हणून अ‍ॅव्हरेज हा माझ्यासाठी पेट्रोलचा प्रश्न नव्हता. "आई, गाडी म्हातारी झाली, तूही दमतेस, रविवारी एक गिऱ्हाईक येतंय, दाखवून टाक," असं विश्वजीत म्हणाला, तेव्हा मला कळलं की घरातली सगळी मंडळी त्या अ‍ॅव्हरेजच्या आड उभी राहून भलतंच काही म्हणतायत.

आता झालं काय ते ऐक. माझी गाडी लिटरला अठरा द्यायची. टाकी काठोकाठ भरायची, किलोमीटर लिहायचे, पुन्हा काठोकाठ भरायची आणि भागाकार करायचा, असा माझा नेम. (पी.टी.वाल्यांना भागाकार येत नाही असं तू लहानपणापासून समजतोस. येतो.) एके दिवशी भागाकार केला तर उत्तर आलं अकरा. मला वाटलं, हातचा राहिला. पुन्हा केला. अकराच. अठराची गाडी पंधरा दिवसांत अकरावर! माणसाचं वजन असं उतरलं असतं तर सगळे डॉक्टरकडे धावले असते. गाडीचं उतरलं तर सगळे माझ्याकडे बघायला लागले.

आमच्या ह्यांनी, मधुकररावांनी, मात्र आधी चोराचा संशय घेतला. जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेला माणूस. त्यांनी पेट्रोलच्या झाकणावर कागदी पट्टी चिकटवली, तिच्यावर सही केली, तारीख घातली, आणि साक्षीदार म्हणून माझी सही घेतली. निवडणुकीच्या पेटीला इतका बंदोबस्त नसेल. चार दिवस रोज सकाळी जाऊन ते पट्टी तपासायचे आणि "मोहोर अभंग" असं मला स्वयंपाकघरात येऊन कळवायचे. मोहोर अभंगच राहिली आणि अ‍ॅव्हरेज अकराच राहिलं. चोर सुटला, राहिले मी.

मग मी गाडी धनाजीकडे नेली. हा आमचा मेकॅनिक, औद्योगिक वसाहतीच्या रस्त्याला त्याचं गॅरेज आहे, आणि हाताचा चांगला आहे, हे आधीच सांगते, कारण पुढे मी त्याला बोलणार आहे. त्याने एअर फिल्टर उघडला, तर आत उंदराने भुईमुगाच्या टरफलांचा बंगला बांधलेला. स्पार्क प्लग बदलले, टायरमध्ये हवा कमी होती ती भरली. डिकी उघडून त्याने माझ्याकडे जे पाहिलं, ते मी विसरणार नाही. डिकीत मैदान आखायच्या फक्कीचं अर्धं पोतं होतं, दोन लोखंडी गोळे, दोरखंड, पाण्याचे दोन जार, आणि मधुकररावांची जुनी वर्तमानपत्रं, जी रद्दीत देऊन ये म्हणून त्यांनी दिवाळीत ठेवली होती. सगळं उतरवलं. अ‍ॅव्हरेज आलं बारा. आता सगळं करून झालं म्हटल्यावर धनाजीने हात पुसले आणि अदबीने म्हणाला, "मॅडम, राग मानू नका, पण लेडीजचा पाय क्लचवर राहतो. त्यानं खातीय गाडी."

दादा, तुझंच वाक्य, फक्त ग्रीस लागलेलं.

घरी येऊन मधुकररावांना म्हटलं, उद्या तुम्ही माझ्याबरोबर यायचं आणि फक्त माझ्या डाव्या पायाकडे बघायचं. हा माणूस एरवी शेजारच्या सीटवर डोळे मिटून बसतो आणि ट्रक दिसला की पोटावर हात ठेवतो. पण त्या दिवशी कोरेगावच्या पुढच्या शाळेपर्यंत त्यांनी मान वर केली नाही. वाकून वाकून बघत होते. वाटेत एका मोटारसायकलवाल्याने काका आजारी आहेत का म्हणून विचारलं. शाळेत पोचल्यावर त्यांनी खिशातून चिठ्ठी काढून वाचली: डावा पाय क्लचवर एकूण त्रेपन्न वेळा, पैकी गियर बदलताना त्रेपन्न, विनाकारण, निरंक. ती चिठ्ठी मी जपून ठेवली आहे. आमच्या लग्नाला सदतीस वर्षं झाली, त्यात या माणसाने माझ्या बाजूने दिलेला हा पहिला लेखी पुरावा.

आणि खरी गंमत त्याच दिवशी झाली. शाळेच्या फाटकाशी थोडा उतार आहे. तिथे गाडी उभी केली की पूर्वी चाकाखाली दगड लावावा लागायचा. उतारावर जरा पुढे सरकवावी म्हणून मी गाडी न्यूट्रलला टाकली, हँडब्रेक खाली केला, आणि गाडी ढिम्म. जागची हलेना. मी नवलाने बघत उतरले, तेवढ्यात शाळेत खिचडी शिजवणाऱ्या रंगूबाई पाण्याची बादली घेऊन चालल्या होत्या. माण तालुक्याकडच्या बाई, बोलायला रोखठोक. गाडीच्या मागच्या अंगाला थबकल्या आणि वास हुंगत म्हणाल्या,

"बाई, आवं काय तरी जळतंय. ह्ये चाक बगा की, तव्यावानी तापलंय!"

मी म्हटलं, "ऊन आहे रंगूबाई."

"ऊन काय ह्या एकाच चाकावर पडलंय व्हय?" असं म्हणून त्यांनी बादलीत बोटं बुडवली आणि भाकरी टाकण्याआधी तव्यावर शिंपडतात तसं पाणी डाव्या मागच्या चाकाच्या मधोमध शिंपडलं. चर्र झालं! उजव्या चाकावर शिंपडलं, ते नुसतं ओघळलं. "दावं सुटलं न्हाई त्येचं," रंगूबाई म्हणाल्या. "बैल बांदल्याला आन् तुमी वडताय."

दादा, तीन आठवडे एक निवृत्त कारकून, एक मेकॅनिक, एक पुण्याचा इंजिनियर आणि एक तू, असे चार पुरुष माझ्या पायाकडे बघत होतात. चाकाकडे बघायला खिचडीवाली बाई लागली.

तशीच गाडी सावकाश धनाजीकडे नेली. त्याने चाक काढलं, ब्रेकच्या ड्रमला हात लावून चटकन मागे घेतला, आणि त्याचा चेहरा पडला. हँडब्रेकची केबल आत पिळवटून अडकली होती. दांडा खाली झाला तरी डाव्या चाकाचा ब्रेक अर्धा धरूनच राहायचा. म्हणजे मी दर खेपेला पन्नास किलोमीटर ब्रेक लावून गाडी चालवत होते, तरी वेळेवर पोचत होते. माझ्या चालवण्याचं याहून मोठं प्रशस्तिपत्र कुठलं? धनाजीने कान पकडले. "मॅडम, आधी चाक बघायला पायजे होतं," म्हणाला. मग केबल हातात धरून म्हणाला, "ही अशी आपोआप जात न्हाई. कुणीतरी हँडब्रेक उपटलाय. लय ताकदीचा गडी असणार."

मी गाडीच्या वहीत पाहिलं. शेवटचं अठराचं अ‍ॅव्हरेज गेल्या महिन्याच्या तीन तारखेचं. चार तारखेला, दादा, तू आला होतास. मंडईतून येताना "सरक अनु, तुला गल्लीतल्या चढावर जमायचं नाही" म्हणून तूच स्टिअरिंगवर बसलास. आमच्या दारात उतारावर गाडी लावलीस आणि विहिरीतून घागर ओढावी तसा दोन्ही हातांनी हँडब्रेक ओढलास. कर्रकन आवाज आला होता. तेव्हा मी विचारलं, तर तू म्हणालास, "ब्रेक असा लावतात. शिकून घे."

शिकले.

रविवारी विश्वजीतचं गिऱ्हाईक आलं. मी त्याला शेजारी बसवून महाबळेश्वरच्या रस्त्याने थेट मेढ्याच्या फाट्यापर्यंत नेऊन आणलं. परत आल्यावर तो म्हणाला, "गाडी झकास आहे, आजच घेतो." मी म्हटलं, गाडी विकायची नाही, झकास आहे हे कुणाच्या तरी तोंडून ऐकायचं होतं. पोहे खायला घालून पाठवला. विश्वजीतला फोनवर एवढंच सांगितलं, की यापुढे माझ्या गाडीबद्दल मामाला विचारायचं नाही, रंगूबाईंना विचारायचं. नंबर पाठवते.

कालच्या टाकीचं अ‍ॅव्हरेज सतरा पूर्णांक आठ. वहिनींना नमस्कार आणि हे पत्र त्यांना मोठ्याने वाचून दाखव. तू वाचणार नाहीस हे माहीत आहे, म्हणून पाकिटावर नाव त्यांचंच घातलं आहे.

तुझीच, कुणासमोर मान खाली न घालणारी,
अनु

ता.क. आमच्या मुली तालुक्यात पहिल्या आल्या. त्यांना येत्या पंचवीस तारखेला सांगलीला एका स्पर्धेचं बोलावणं आहे. बारा मुली आणि त्यांच्या एक शिक्षिका एसटीने येतील. मुक्काम तुमच्याकडे. गच्ची रिकामी कर. टोमॅटो एका कडेला सरकव.

ता.क. २. मी सामान घेऊन गाडीने येणार. सव्वाशे किलोमीटर आहे, सगळा हायवे. हायवेवर मी आजवर गाडी घातलेली नाही, पण मला भीती वगैरे वाटत नाही. नुसतं लिहिते आहे.

ता.क. ३ (मधुकररावांच्या हस्ताक्षरात). रा. रा. अवधूतराव यांस, स. न. वरील मजकूर वाचला, बरोबर आहे. एकच नोंद करावीशी वाटते. "मला भीती वगैरे वाटत नाही" हे वाक्य कच्च्या कागदावर तीन वेळा खोडून चौथ्यांदा लिहिलेलं आहे. मी शेजारी बसलो तर डोळे मिटतो, हे ती म्हणते ते खरं. कृपया चोवीस तारखेची सकाळची सांगली–सातारा एसटी धरावी. तुम्हाला कुणी बोलावलं, हे तिला सांगू नये. सहज आलो म्हणावं.