ताईने स्वतः वाचायचं पत्र

ती. ताईस, धाकटीचा इथूनच पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

देवाच्या कृपेने मी लेकाकडे खुशाल आहे. जप निवांत होतो, घरात दिवसभर कुणी नसतंच. तुझा गुडघा कसा आहे?

लेकाच्या ऑफिसात मराठी मजकुराचं ब्रेल करणारं सॉफ्टवेअर बनवायचं ठरतंय. म्हणजे तुझं तुला बोटांनी वाचता येईल. मी म्हटलं, "आधी पत्रांचं बघ रे!"

"आई, आधी शाळेची पुस्तकं. आणि तुझं अक्षर मलाच लागत नाही, कॉम्प्युटरला काय लागणार?"

म्हणून एका बोटाने टाइप करायला शिकतेय.

वहिनी, तुम्ही ताईला पत्र वाचून दाखवता, उपकारच आहेत, रागावू नका. पण ताई, काही गोष्टी फक्त तुलाच सांगायच्या आहेत. तोवर मी इथे मजेत आहे, असंच समज.

तुझीच,
धाकटी