खारट खुराक

दमियात, ४ फेब्रुवारी २००२

चि. शिहाब यास मामाचे अनेक आशीर्वाद.

तुझा डबा पोहोचला. मामी गेल्यावर तिच्या चाळिसाव्या दिवसाला आलास तेव्हा माझा झब्बा खुंटीला टांगल्यासारखा दिसतो म्हणालास, ते ध्यानात आहे. चष्मा लावून डबा वाचला. व्हे प्रोटीन म्हणजे चीज निथळताना निघणाऱ्या पाण्याची भुकटी, असे कळले. अरे, ते पाणी तुझी मामी एकतीस वर्षे कालव्यात ओतत होती. तिथले मासे काही पिळदार झाल्याचे ऐकिवात नाही.

तिच्या चीजच्या दुकानात मी अजून पाऊल ठेवलेले नाही. तिचा जुना कामगार जुहदी सगळे बघतो. त्याला सांगून त्या पाण्याचा एक कॅन मायक्रोबसवाल्याबरोबर पाठवतो, तूच पी. डबा कपाटात ठेवला आहे. मला भूक नसते, एवढेच. काळजी नसावी.

तुझा रिफ्अत मामा

कैरो, १२ फेब्रुवारी

ती. रिफ्अत मामांना शिहाबचा सा. न. वि. वि.

कॅन मिळाला. केळे आणि खजूर घालून सकाळ-संध्याकाळ एक पेला घेतो. चव जहाल आहे, पण जिममधले मित्र म्हणाले, अस्सल माल असाच लागतो. तेही घेतात. पुढच्या शुक्रवारी शरीरसौष्ठव स्पर्धा आहे, बघाच.

पण डबा कपाटात का? नुसत्या पावडरने दंड फुगत नाहीत हे मलाही कळते, जेवण लागतेच. तुम्ही तर जेवतच नाही. तुमच्या वयात झडलेले मांस सहजी परत चढत नाही, म्हणून निदान तेवढे तरी पोटात जावे. आई म्हणते, दादाने असेच चालवले तर मी बोचके घेऊन येईन आणि रोज मुलुखियाची बुळबुळीत पालेभाजी भरवीन. तिची मुलुखिया तुम्हाला माहीत आहे. विचार करा.

तुमचा शिहाब

दमियात, १९ फेब्रुवारी

चि. शिहाब यास आशीर्वाद.

पत्र वाचून खुर्चीतून उठलोच. अरे कैरोच्या शहाण्या, आमच्याकडे चीज करताना मीठ आधी दुधात घालतात, मग दूध साकळवून पाणी निथळतात. हे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक. त्या खाऱ्या पाण्यात चीज मुरवायचे असते, माणूस नव्हे! चूक माझीही आहे. लिहिताना मिठाचे भान राहिले नाही. ती असती तर तिने कॅनवर चिठ्ठी बांधली असती. ताबडतोब थांब.

मामा

कैरो, २६ फेब्रुवारी

ती. मामांना सा. न.

स्पर्धा शुक्रवारी झाली, तुमचे पत्र शनिवारी आले. अंगात इतके पाणी साचले की वजन साडेतीन किलो वाढले आणि मला वरच्या गटात, सगळ्या बैलांमध्ये उभे केले. दोन महिने घडवलेले पोटाचे सिक्स पॅक, त्यातला एकही दिसेना. परीक्षकांनी विचारले, बेटा, तू बघायला आला आहेस का? शेवटचा आलो. मित्रांचीही तोंडे टरबुजासारखी झाली होती. आता सूज उतरली, डॉक्टरांनी फक्त शिव्या दिल्या.

आई म्हणते, भरपाई दादाने जेवून करावी. माझी मागणी एवढीच: मे महिन्यात पुन्हा स्पर्धा आहे. बिनमिठाचे पाणी पाठवा, आणि स्वतः चाखून पाठवा. जुहदीच्या जिभेवर माझा विश्वास नाही.

तुमचा शिहाब

दमियात, ७ मार्च

चि. शिहाब यास अनेक आशीर्वाद.

कॅन पाठवला आहे, निर्धास्त पी. चाखायचे म्हणून दुकानात गेलो. दारात थोडा वेळ थांबलो, मग आत गेलो. बिनमिठाचे दूध साकळव म्हटल्यावर जुहदी म्हणाला, मालकीणबाईंनी मला झाऱ्याने झोडले असते. झोडले असते खरे. तसले अळणी चीज दमियातमध्ये कोण घेणार? टाकवेना, म्हणून घरी आणले.

खरे सांगतो. रोज माझ्याकडून सवयीने दोन ताटल्या मांडल्या जातात. दुसरी उचलून ठेवतो, मग पहिलीही ठेवतो. भूक नसल्याचे नुसते निमित्त होते. काल दुसरी उचलली नाही, जुहदीला जेवायला हाक मारली. तो फार भराभर खातो. माझ्या वाट्याला काही उरावे म्हणून मलाही हात चालवावा लागला. त्या अळणी चीजबरोबर तीन रोट्या झाल्या. मीठ वरून घेतले.

असाच जीव लावत राहा.

मामा