पानावरची प्रार्थना

वाराणसी,
ईस्टरनंतरचा गुरुवार

प्रिय शरदिनीताईस,
धाकट्या नीलकंठाचा प्रभूच्या नावाने सलाम. तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींचा खोकला गेला का? नगरच्या चर्चमध्ये अजूनही तूच सगळ्यांच्या वरच्या पट्टीत गातेस ना? आम्ही इकडे खुशाल आहोत. (खुशाल हा शब्द सवयीने लिहिला गेला. पुढे वाच.)

डॉक्टरांचं मागे कळवलंच होतं. माझ्या रक्तातली साखर बघून त्यांनी चष्मा पुसला, कागद पुन्हा वाचला आणि म्हणाले, तोंड आवरा, नाहीतर एक दिवस पाय कापावा लागेल. तेव्हापासून मी भीत भीत खातो. पण खातो, ताई. भूक नसली तरी खातो. ऑफिसला जाताना गल्लीच्या तोंडाशी कचौडी-जिलबी, येताना रबडी, घरी इंदूसमोर 'आज फारशी भूक नाही' म्हणत पोटभर जेवण, आणि ती शेजारी गेली रे गेली की डब्यात हात. हात माझाच, पण मला विचारत नाही. भीती वाटली की खायचं आणि खाल्लं की भ्यायचं, असा सगळा कारभार.

शेवटी ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू झाला तेव्हा पाळकसाहेबांपुढे जाऊन रडलो. (हिंदीत रडलो. मराठीत रडलेलं कळणारं इथल्या चर्चमध्ये कोणी नाही.) ते म्हणाले, एकटे लढू नका, घास उचलण्याआधी थांबा आणि प्रभूला विचारा, ही भूक आहे की भीती? मी विचारायला लागलो आणि खरं सांगतो, उत्तर मिळायला लागलं. रबडीच्या दुकानासमोर डोळे मिटून उभा राहायचो (दुकानदाराला वाटलं मला घेरी आली, त्याने शुद्धीवर आणायला रबडीच पुढे केली) आणि हात आपोआप खाली यायचा. रात्री पोटाला तडस लागेना, झोप लागायला लागली. पाळकसाहेब खूश झाले आणि प्रभूने कसं सोडवलं याची ईस्टरला चर्चमध्ये मंडळीसमोर साक्ष द्या म्हणाले. मीही हुरळून हो म्हटलं.

तेवढ्यात ऑफिसातल्या ढुंढिराजांच्या मुलाची मुंज निघाली. ही माणसं काशीतली पिढीजात मराठी, घर संकठा घाटाच्या वर, आणि आग्रह असा की पुण्याच्या माणसाने पळून जावं. त्यांच्या पंगतीत नको म्हणायचं तर दोन्ही हात पानावर आडवे धरावे लागतात. तोंडाच्या 'नको'ला कोणी विचारत नाही. जिलब्यांचं ताट येताना दिसलं, मला घाम फुटला, आणि पाळकसाहेबांनी सांगितल्याप्रमाणे मी हात जोडले, डोळे मिटले. घोळ झाला तो इथेच. हात छातीशी, पान उघडं! ढुंढिराजांच्या मातोश्री अन्नपूर्णाकाकू (बारशाला नाव ठेवणाऱ्यांनी फार पुढचं पाहिलं होतं) माझ्या डोक्यावर उभं राहून म्हणाल्या, "देखो तरी, साहेब कसं देवाचं नाव घेऊन जेवतायत! वाढ रे, अजून वाढ, संकोच करतायत बेचारे!" मोह मोठा, म्हणून प्रार्थनाही लांबली. डोळे उघडले तर पानावर जिलब्यांचा ढीग. तो पाहून इतका घाबरलो की पुन्हा डोळे मिटले, आणि ताई, तेवढ्यात श्रीखंडवाला आला.

पानात टाकायचं नाही असं आईने शिकवलंय, असं मनाशी म्हणत मी सगळं संपवलं. आईचं नाव उगाच घेतलं. जिलबी समोर होती आणि मी घाबरलेलो होतो, एवढंच खरं.

पाळकसाहेबांना सांगितलं तेव्हा ते आधी गंभीर झाले आणि मग इतके हसले की खुर्ची धरावी लागली. म्हणाले, डोळे मिटायला कोणी सांगितलं होतं? डोळे उघडे ठेवून, हात पानावर ठेवून प्रार्थना करा, प्रभूला चालतं. साक्ष मात्र द्याच, झाली तशी द्या. म्हणून ईस्टरला उभा राहिलो आणि सांगितलं की मी काही सुटलेलो नाही, प्रभू मला दर जेवणाला नव्याने सोडवतो आणि अधूनमधून मीच परत जाऊन अडकतो. मग मागच्या बाकावरून एका म्हाताऱ्या बाईंनी एवढ्या जोरात आमेन म्हटलं की मला रडू आलं. (दुसऱ्या दिवशी त्याच बाईंनी सांत्वनासाठी शेवयांची खीर पाठवली. मी उघड्या डोळ्यांनी प्रार्थना केली आणि पातेलं तसंच शेजारी दिलं. झाकणसुद्धा चाटलं नाही.)

भाऊजींना सलाम. मुलांना आशीर्वाद.
तुझा,
नीलकंठ

ता. क. आमच्या ऑफिसातला, आपल्या नगरचा प्रल्हाद रजेहून परत येताना त्याच्याबरोबर डिंकाचे लाडू पाठवू नकोस. रागावू नकोस, पण पाठवू नकोस.

ता. क. लाडवांसाठी कोणी एवढं लांब पत्र लिहीत नाही. उजव्या पायाच्या अंगठ्याला जखम झाली आहे आणि ती भरत नाही. सगळ्या मंडळीसमोर जिलब्या कबूल केल्या, पण हे इंदूला सांगायचं धैर्य होत नाही. सोमवारपासून डॉक्टरांकडे खेपा सुरू होतील. तू ये. आपणहून आल्यासारखी ये.

ता. क. पाकीट चिकटवण्याआधी इंदूला सांगून टाकलं. तिला ठाऊक होतं. एवढ्या उन्हाळ्यात घरात मोजे घालून फिरणाऱ्या नवऱ्याबद्दल बायकोला काय कळायचं राहतं, म्हणाली. मग कोमट पाणी आणून जमिनीवर बसली, पाय धुतला आणि धुता धुता मोठ्याने प्रार्थना केली. मी पहिल्यांदाच न खाता शांत झालो. तरी भीती आहेच. म्हणून ये ताई, पण जन्मात एकदा भावाच्या घरी रिकाम्या हातांनी ये.