लॅमिनेट केलेलं इंग्रजी

जेल रोड, नाशिक रोड
दि. ३ फेब्रुवारी २०२५

चि. स्नेहास,
सप्रेम जयभीम व अनेक आशीर्वाद.

वि.वि. तुझा इंग्रजीच्या परीक्षेचा दाखला काल कुरिअरने सुखरूप पोहोचला. तुझ्या आईचं म्हणणं असं, की पोरगी इंग्रजीत नर्सिंग शिकली, पुण्याच्या दवाखान्यात पाच वर्षं नोकरी करते, तिला इंग्रजी येतं हे आता परक्या माणसाने कशाला सांगायचं. मी तिला समजावलं की येणं वेगळं आणि मान्य असणं वेगळं. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात बत्तीस वर्षं टर्बाइन चालवलं, पण ते मला येतं हे दाखवायला दर वेळी कागदच काढावा लागला.

एक गोष्ट मात्र पटली नाही. या दाखल्याची मुदत दोनच वर्षं. आपली जात पडताळणी एकदा झाली ती जन्मभर पुरली, मग इंग्रजीच कसं काय उतरतं? आई म्हणाली, दुधासारखं असेल.

माझं दहावीचं गुणपत्रक वाळवीने खाल्लं तेव्हा दुसऱ्या प्रतीसाठी तीन वर्षं चपला झिजवल्या, ही कथा तुला पाठ आहे. म्हणून वेळ न घालवता बिटको चौकाजवळच्या यादवच्या झेरॉक्सच्या दुकानात गेलो आणि दाखला लॅमिनेट करून घेतला. त्याच्याकडचं सगळ्यात जाड प्लास्टिक. यादव म्हणाला, पाण्यात टाकलात तरी काही होणार नाही. घरी येऊन बादलीत टाकून पाहिला. एक अक्षर हललं नाही.

फोन करू नकोस. टर्बाइनने खाल्लेल्या कानांना त्यातलं काही कळत नाही. सविस्तर लिही.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.
बाबा


पुणे
दि. ९ फेब्रुवारी २०२५

ती. बाबांस,
सविनय जयभीम.

तुमचं पत्र वॉर्डात उभ्याने उघडलं आणि बसून संपवलं. बाबा, व्हिसाच्या एजंटाने सांगितलंय की लॅमिनेट केलेला दाखला मूळ धरत नाहीत. कागद बोटाला लागला पाहिजे. कॅनडातल्या कॉलेजने स्कॅन पाहून मला प्रवेश दिला, म्हणजे कॉलेजच्या आवारात मला इंग्रजी येतं. व्हिसाच्या खिडकीवर येत नाही. पुढे तिथेच राहायचं ठरवलं तर म्हणे याच परीक्षेचा दुसरा प्रकार द्यायचा. शिकायला एक इंग्रजी, राहायला दुसरं.

मूळ दाखला एकच मिळतो. परीक्षा पुन्हा द्यावी तर निकाल लागून व्हिसा निघेपर्यंत एप्रिल उजाडेल आणि व्हिसा ३१ मार्चच्या आत हातात हवा, नाहीतर माझी जागा दुसरीला. दोन वर्षांच्या या कोर्ससाठी मी पाच वर्षं दुहेरी ड्युट्या केल्यात. मी तुमच्यावर रागावलेली नाही, असं लिहिते आहे, पण ते पूर्ण खरं नाही.

आता कृपा करून काही करू नका. दाखला कपाटात ठेवा. आणि तेवढं कानाचं मशीन लावायची सवय करा. कॅनडाचं टपाल यायला तीन-तीन आठवडे लागतात, तिथून पत्रं जमायची नाहीत. मी रोज फोन करीन.

आईला जयभीम. लोभ असावा.
आपली
स्नेहा


जेल रोड
दि. १६ फेब्रुवारी २०२५

चि. स्नेहास,
सप्रेम जयभीम.

काही करू नका असं तू लिहिलंस. पण एजंटाची भानगड तुझ्या मैत्रिणीकडून, हर्षालीकडून, इथे आधीच कळली होती. त्यामुळे थोडं पत्र येण्याआधी केलं आणि उरलेलं पत्र वाचल्यावर केलं.

प्रथम यादवला विचारलं. तो म्हणाला, ओला पेपर ठेवून वरून इस्त्री फिरवा, प्लास्टिक आपसूक सुटेल. दाखला आहे तसाच आहे. इस्त्री गेली. आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, निदान मला तरी काही ऐकू आलं नाही.

मग परीक्षेच्या केंद्रावर गेलो. दारावरच्या माणसाने उमेदवाराशिवाय कुणाला आत सोडत नाही असं एका पाटीवर बोट ठेवून सांगितलं. अर्ज दिला, घेतला नाही. तीन तास उन्हात उभा राहिलो. संध्याकाळपर्यंत दुसरा मार्ग उरला नाही, म्हणून मी उमेदवार झालो.

विहारातल्या मंडळींबरोबर श्रीलंकेला जायचं ठरलं होतं तेव्हा काढलेला पासपोर्ट कोराच पडून होता, तो कामी आला. फॉर्म यादवने भरला. परीक्षा कशासाठी देता, तर शिक्षण, स्थलांतर, इतर. मी इतर निवडलं आणि पुढच्या रेघेवर लॅमिनेशन असं लिहायला लावलं. १ मार्चला परीक्षा आहे. आत गेल्यावर साहेबाला प्रत्यक्ष विचारीन.

चूक माझी आहे, हे मला कळतं. ती निस्तरल्याशिवाय मला जेवण गोड लागायचं नाही.

कळावे, राग थोडा राखून ठेव, लोभही ठेव.
बाबा


पुणे
दि. २२ फेब्रुवारी २०२५

ती. बाबांस,
सविनय जयभीम.

चौकशीच्या खिडकीपर्यंत पोहोचायला परीक्षेला बसणारा माणूस आपल्याच घरात असावा, याचं मला हसू येतं आणि लगेच रडूही येतं. बाबा, त्या परीक्षेचा पहिला भाग ऐकण्याचा असतो. कानाला हेडफोन लावून अर्धा तास ऐकायचं आणि उत्तरं लिहायची. तुम्हाला दाराची बेल ऐकू येत नाही.

निदान तोंडी परीक्षेत लॅमिनेशनचा विषय काढू नका. तोंडी घेणाऱ्यांच्या हातात काही नसतं. विचारतील तेवढंच सांगा. डबा न्या, आत खाऊ देत नाहीत, पण बाहेर आल्यावर लागेल.

लोभ आहे, काळजी त्याहून जास्त आहे.
स्नेहा


जेल रोड
दि. २ मार्च २०२५

चि. स्नेहास,
सप्रेम जयभीम.

परीक्षा झाली. हॉलमध्ये सगळी तुझ्याहून लहान मुलं. एका मुलीने मला पर्यवेक्षक समजून पेन्सिल मागितली, मी दिली. हेडफोनमधून मला टर्बाइनची घरघर तेवढी आली, ती बहुधा माझीच असावी. पण प्रश्न समोर छापलेले होते. कुणीतरी खोली भाड्याने मागत होतं. खोली मागणारा माणूस जगात कुठेही काय विचारणार? पाणी किती वाजता येतं. मी आठ ते दहा लिहिलं.

तोंडीच्या बाई सज्जन होत्या. माझ्या कानाजवळ खुर्ची आणून मोठ्याने बोलल्या. त्यांनी कार्ड दिलं, आपण जपून ठेवलेल्या एका वस्तूविषयी दोन मिनिटं बोला. आता सांग, यात माझा काय दोष? वाळवीपासून सुरुवात केली. तीन वर्षांच्या चपला, तुझा दाखला, बादली, इस्त्री, सगळं इंग्रजीत सांगितलं. एकलहऱ्याला जर्मन इंजिनिअर आले होते तेव्हा असं इंग्रजी बोललो होतो, त्यानंतर आत्ताच. पोरीचं भलं करायला गेलो आणि तिचीच वाट अडवली, हे सांगताना मला जरा थांबावं लागलं. मराठीत मी ते तुला नीट लिहू शकलो नव्हतो.

बाईंनी वेळ संपल्याचं खुणेने सांगितलं. मग मी दाखल्याचं विचारलं. त्या म्हणाल्या, याचं उत्तर देण्याची त्यांना परवानगी नाही. म्हणजे ज्या कामाला गेलो ते सोडून बाकी सगळं झालं.

कळावे, लोभ उरला असल्यास असावा.
बाबा


पुणे
दि. १९ मार्च २०२५

ती. बाबांस,
सविनय जयभीम.

व्हिसा आला. रविवारी फोन करून सांगितलं, तेव्हा तुम्ही नुसतं हो हो म्हणालात. मला वाटलं रागावलात, म्हणून लिहिते.

एजंटाला बाजूला ठेवून मी स्वतःच व्हिसा कार्यालयाला ईमेल केली होती. त्यांचं उत्तर दोन ओळींचं आलं. कागद पाठवायचाच नव्हता. दाखल्यावरचा नंबर कळवायचा होता, तो ते स्वतः संगणकावर तपासतात. बाबा, तो नंबर प्लास्टिकमधून स्वच्छ दिसत होता. मी दीड महिना तुम्हाला जिवाला लावून घ्यायला लावलं, आणि एकदाही स्वतः विचारलं नाही. मला माफ करा.

१८ एप्रिलला निघते आहे. त्याआधी आठवडाभर घरी येईन. येताना इस्त्री आणते.

लोभ असावा, आजवर होता तेवढाच पुरे आहे.
स्नेहा


जेल रोड
दि. २५ मार्च २०२५

चि. स्नेहास,
सप्रेम जयभीम व पोटभर आशीर्वाद.

पत्र मी आईला मोठ्याने वाचून दाखवलं. मग तिने पेढे आणले. माझाही निकाल त्याच दिवशी आला होता, त्यामुळे पेढे नेमके कशाचे ते गल्लीत कुणाला नीट कळलं नाही. बोलण्यात मला नवापैकी साडेसात मिळाले. तुला सात होते. हे फक्त माहितीसाठी.

आता एक कबुली. रविवारी मी रागावलो नव्हतो. आई विहारात गेली होती आणि तू सांगितलंस म्हणून मी कानाचं मशीन लावलं होतं. तुझा आवाज आला, आनंदात आहेस एवढं कळलं, पण शब्द एकही लागला नाही. हो म्हटलं की तू बोलत राहतेस, म्हणून हो म्हणत राहिलो. तुला व्हिसा मिळाला हे मला आठवड्याने तुझ्या पत्रातून समजलं. तिकडे गेल्यावर तू रोज फोन करशील, मी रोज हो म्हणेन आणि तुझं काय चाललंय ते मला कधीच कळणार नाही. याची मला दाखल्याहून जास्त भीती होती. ती लिहायला धीर झाला नाही.

आता झाला, कारण कागद हाती आहे. ऐकण्यात मला साडेतीन मिळाले आहेत. मला ऐकू येत नाही, हे तुझ्या कॅनडालाही मान्य आहे. या दाखल्याची मुदत दोन वर्षं आहे आणि तुझा कोर्सही दोन वर्षांचाच आहे. तेव्हा तू मला पत्रंच लिहावीत. तीन आठवडे लागले तरी चालतील, मला दुसरं काही काम नाही.

प्रत सोबत जोडली आहे. मूळ दाखला लॅमिनेट केला.

कळावे, लोभ असावा, आणि तो लेखी असावा.
तुझा
बाबा