फरशीवर कोण बसणार?

शुक्रवार संध्याकाळ, सोनागिरी

लिहायचं रोज टाळत होतो, पण आज राग मावत नाही. ताईचा मुलगा चिकू बालवाडीत पोरांना चावतो. मॅडमनी सांगितलं, आईबाबा दोघं पालकांच्या वर्गाला शिकायला या, नाहीतर पोराचं नाव काढून टाकू. जीजाजींनी स्वतःऐवजी ताईबरोबर मला धाडलं. "सालेसाहेब, तुम्ही तर रिकामेच!" मी काय बाप आहे?

शिकलो एवढंच, की बापानं रोज थोडा वेळ फरशीवर बसून खेळायचं, मोबाइल लांब ठेवून. जीजाजी सोफ्यावरूनच हसले, "ये सब औरतों का काम है." वा! साहेबांना फरशीपर्यंतही उतरवत नाही. चिकू आत्ता मलाच चावला. नेमक्या माणसाला चावत नाही, हेच दुःख.

बेल वाजली. मॅडम स्वतः? बाप वर्गाला आला नाही म्हणून घरी आल्या! चपला काढून थेट फरशीवर बसल्या, चिकूशेजारी. जीजाजी मोबाइल ठेवून सोफ्यावरून उठतायत, खाली फरशीवर उतरतायत.