दिवसातला शेवटचा चिरूट

मंगळवार, ३ मार्च

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की घड्याळजींच्या पेटीतले चिरूट आईच्या हातचे आहेत. ते चुकलं. पेटीवर तुमच्या कारखान्याचा शिक्का आहे आणि साल आई गेली त्याच्या आदलं आहे, एवढंच खरं. तिथे चिरूट वळायच्या टेबलाशी आईसारखी तूही बसायचीस, आणखी बायकाही. शिक्क्यावरून हात ओळखता येत नाही. उगाच तुला रडवलं.

घड्याळजी हाताने वळलेले जुने चिरूट जमवतात आणि दर रविवारी जेवणानंतर त्यातला एक ओढतात. नुसतं जपायला ती काय घड्याळं आहेत, म्हणतात. मी पेटी हुंगली. आईचा चेहरा मला आठवत नाही, पण तिच्या बोटांना हाच वास होता. तिचा चिरूट ओळखायची काही खूण असेल तर कळव. एक तरी जवळ हवा.

तब्येतीला जप. माया आहे, ती राहू दे.
तुझी भाची

सोमवार, ९ मार्च

चि. शंकेखोरबाईस,
अ. आ.

शेजारच्या नर्सबाई लिहून देताहेत, म्हणून शिव्या आवरत्या घेते. रडले ते माझ्या खुशीने. त्याचीही दुरुस्ती पाठवू नकोस. घरात शिकलेली तू एकटी, पण झोप मात्र आमचीच बरी.

खूण आहे. चिरुटाचं तोंड बंद केलं की उरलेलं पान आम्ही कापून टाकायचो. तुझी आई दिवसातल्या शेवटच्या चिरुटाला ते पिळून बारीक शेंडी ठेवायची. मुकादम ओरडायचा. ती म्हणायची, आता घरी जाऊन पोरीची वेणी घालायची, हात आधीच तिकडे गेला. बाकी कोणी असलं करत नव्हतं.

मिळाला तर मला हुंगायला आण. ओढू नकोस, खोकत बसशील.

म्हातारीला विसरू नये, ही विनंती.
मावशी

गुरुवार, १२ मार्च

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आज मिळालं. शेंडीचा चिरूट पेटीत आहे; एकच. गेल्या रविवारी मीच तो घड्याळजींना दाखवून म्हटलं की हा नीट कापलेला नाही, खराब दिसतो. ते म्हणाले, मग चांगले जपू, येत्या रविवारी हाच ओढून टाकू.

पत्र हातात घेऊनच धावले. दुकानाला कुलूप. ते मुलीकडे गेलेत, परवा सकाळी येतील, असं शेजारचा शिंपी म्हणाला. घरी येऊन वेणी घालायला बसले, तर शेवटचा पेड पिळताना हात थांबला.

लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.
तुझी भाची

ता. क. दुकान उघडायच्या आधी मी पायरीवर असेन. शनिवार, १४ मार्च.