माझ्या टोमॅटो प्लॉटचा 'आदर्श' दर्जा काढून घेण्याबाबत

प्रति,
मा. तालुका कृषी अधिकारी साहेब,
तालुका कृषी कार्यालय, शिरढोक, जि. सातारा.

अर्जदार : आप्पासो कृष्णात धुमाळ, माजी हवालदार (स्टोअर), मौजे करंजवस्ती.

विषय : माझ्या वीस गुंठे टोमॅटो प्लॉटला दिलेला 'आदर्श' हा दर्जा काढून घेणे व गुरुवार दि. १८ ची शिवारफेरी बांधावरूनच पुढे नेणेबाबत.

संदर्भ : १) आपल्या कार्यालयाची घडीपत्रिका 'कमी क्षेत्रात टोमॅटोतून नफा', शेवटचे पान, शेवटची ओळ.
२) सदर ओळीकडे आपल्या कार्यालयाचे झालेले दुर्लक्ष.

महोदय,

वरील विषयास अनुसरून अर्ज करतो की, मी फौजेत स्टोअरला होतो. तिथे छापील सूचना शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची सवय लागते, कारण चूक नेमकी तिथेच सापडते. आपल्या घडीपत्रिकेची शेवटची ओळ अशी आहे : 'तंबाखू हाताळल्यानंतर हात साबणाने स्वच्छ धुतल्याशिवाय झाडास स्पर्श करू नये, अन्यथा तंबाखूतील विषाणू झाडात जातो.' ही ओळ तालुक्यात फक्त आमच्या घरात वाचली गेली असावी असा माझा अंदाज आहे.

१. वाचून मी विसरलो असतो, कारण मी स्वतः तीस वर्षे तंबाखू खात होतो. पण मंडळी सौ. अंबूबाई यांनी ती मनावर घेतली. प्लॉटच्या तोंडाला बादली, साबण आणि तांब्या ठेवला व पहिली अंमलबजावणी माझ्यावरच केली. 'एक तर पुडी, न्हाईतर प्लॉट. दोन्ही घिऊन आत यायचं न्हाई,' असा आदेश निघाला. मी पहिला महिना बांधावर काढला. बांधावरून बायकोला बगलफूट, म्हणजे पानाच्या बगलेतले फुटवे, काढायच्या सूचना देणारा नवरा किती वेळ टिकतो हे आपण जाणता. पुडी सुटली.

२. त्या हंगामात पिकाला रोग शिवला नाही. लोणंदच्या बाजारात आमचे क्रेट उघडून बघायचे व्यापाऱ्यांनी सोडून दिले. खर्च वजा जाता हातात इतके उरले, की साताऱ्याच्या कंपनीत ठेकेदाराकडे कामाला असलेला आमचा मुलगा दिग्विजय नोकरी सोडून घरी आला. सहा वर्षांनी पोरगं दिवसा घरात दिसले म्हणून अंबूबाई दोन दिवस त्याला उगीचच हाका मारत होत्या. यंदाच्या लागणीला तोही आमच्याबरोबर वाकला. इथपर्यंत सर्व ठीक होते.

३. नंतर आपण आमचा सत्कार केला. नारळ, शाल, ढाल मिळाली व रस्त्याला 'आदर्श टोमॅटो प्लॉट' असा बोर्ड लागला, याबद्दल ऋणी आहे. नफ्याचे रहस्य विचारले असता मी माइकवर 'हात धुणे' असे सांगितले. लोक पोट धरून हसले. आपल्या कार्यालयाच्या अहवालात ते 'शास्त्रशुद्ध व्यवस्थापन' असे छापून आले. त्यामुळे कोणी हात धुतले नाहीत, मात्र शास्त्र बघायला सगळे आले.

४. पाहुण्यांविषयी माझी तक्रार नाही. आटपाडीकडची मंडळी आली, ती तर गुळाची ढेप घेऊन आली. पण बादली दाखवली की माणसाचा चेहरा बदलतो. 'आवं हवालदार, आमी काय जेवायला बसलोय व्हय?' असे एक जण म्हणाले. दुसऱ्यांनी हात धुतले, पँटीला पुसले आणि त्याच पँटीच्या खिशातून पुडी काढली. आमचे सख्खे व्याही बादली बघून बाहेरूनच परत गेले व तेव्हापासून फोन उचलत नाहीत.

५. आता मुख्य बाब. आपले सहायक श्री. वीरधवल साहेब हे अतिशय तळमळीने शिकवतात. जुलैअखेर त्यांनी शेतकऱ्यांना बगलफूट काढण्याचे प्रात्यक्षिक दिले. प्रथम तंबाखूला चुना लावून मळली, फक्की उडवली, चिमूट ओठात ठेवली व त्याच बोटांनी पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. अंबूबाई तांब्या घेऊन मागे चालत होत्या. 'मावशी, पाणी नको, आत्ताच चहा झालाय,' असे साहेब म्हणाले.

पंधरवड्याने पाने पिवळी-हिरवी चितारली, शेंडे दोऱ्यासारखे बारीक झाले. रोग कुठे कुठे पडला ते पाहिले असता असे आढळले की, त्याने साहेबांच्या भाषणाचा नकाशा काढला आहे. जिथे साहेब भरभर बोलले तिथे एकेक झाड गेले. जिथे अनुदानाचा प्रश्न निघाला व ते बराच वेळ थांबले, तिथे सहा झाडे एकत्र गेली.

६. मी आपणाकडे लेखी तक्रार केली, ही माझी चूक. तक्रारीवरून पाच जणांचे पथक पाहणीला आले. त्यांपैकी चौघांनी बांधावर एकमेकांना पुडी देऊन कामाला सुरुवात केली. रोगट पाने चोळून खात्री केली, मग तुलनेसाठी निरोगी पाने चोळून खात्री केली. 'पाण्याचा ताण' असे निदान लिहून चहा घेऊन गेले. त्या दिवशी पाऊस पडत होता. पथक ज्या ओळींत फिरले, त्या आता वीरधवल साहेबांच्या ओळींसारख्याच दिसतात. दुसरी तक्रार करावी असे मनात होते, पण तेवढी झाडे शिल्लक नाहीत.

७. आजमितीस विहिरीकडच्या नऊ ओळी निरोगी आहेत. त्यांचा पहिला तोडा आठवड्यावर आला आहे. तेवढ्या हाती लागल्या तर हंगाम नफ्यात नसला तरी पदरात पडेल आणि पुढच्या लागणीला दिग्विजय घरी राहील. अशा वेळी आपले पत्र आले की, दि. १८ रोजी दीडशे शेतकरी, मंडप व प्रमुख पाहुणे यांच्यासह शिवारफेरी येत असून 'निरोगी ओळींत प्रत्यक्ष हाताळणी' होणार आहे. दीडशे गुणिले दोन, म्हणजे तीनशे हात. ओळी नऊच आहेत साहेब.

८. तरी विनंती की, मला आदर्श पदावरून मुक्त करावे. कारण म्हणून 'कामगिरी असमाधानकारक' असे लिहिण्यास माझी हरकत नाही. आमचे शेजारी श्री. दादासो यांना आदर्श होण्याची फार दिवसांपासून इच्छा आहे. त्यांच्याकडे टोमॅटो नाहीत, परंतु रस्त्याला लागून जागा, कमान व खुर्च्या आहेत आणि स्वभाव भाषणाचा आहे. 'कशाचाबी आदर्श करा, मी हाय,' असे त्यांनी कळवले आहे. त्यांच्या सोयाबीनला कितीही हात लावले तरी ते तक्रार करणार नाहीत, कारण ते शेतात जात नाहीत. फोटोत पिकाच्या जागी काय आहे हे वर कोणी पाहत नाही, हे मागील अहवालावरून दिसून येते. त्यात माझ्या प्लॉटवर वांगी आहेत.

९. दिग्विजयने काल ठेकेदाराला फोन केला. कोणी सांगितले नव्हते. मी विचारले तेव्हा म्हणाला, 'दादा, फेरी झाल्यावर हितं माझं काम काय?' ठेकेदाराने शुक्रवारी सकाळी हजर व्हायला सांगितले आहे. अंबूबाईंनी त्याची बॅग माळ्यावरून काढू दिलेली नाही. त्या मला म्हणाल्या, 'तुमाला लिवायला येतंय न्हवं, मग लिवा सायबाला.' म्हणून लिहिले.

साहेब, गुरुवारी आपली बस येणार आणि शुक्रवारी त्याची बस जाणार. दुसरी थांबवणे माझ्या हातात नाही. पहिली आपल्या अधिकारात आहे. बुधवारपर्यंत कळवावे.

आपल्याच कार्यालयाचा, अद्याप आदर्श व नम्र,
(सही)
आप्पासो कृष्णात धुमाळ
मौजे करंजवस्ती, दि. १२ सप्टेंबर २०२५

सोबत : १) घडीपत्रिका, शेवटच्या ओळीखाली रेघ मारून.
२) श्री. दादासो यांचे संमतीपत्र व त्यांचे तीन फोटो (मागितले नव्हते).
३) रोगट पान, बंद पिशवीत. उघडू नये. उघडल्यास आमच्याकडे येऊ नये.